रस्त्यावर राहिलेलं सामान

अण्णा, तुमच्या रस्त्यावर मी दगड ठेवले आणि तसेच सोडून आलो. हे एवढं एक वाक्य लिहायला मला आठ आठवडे लागले. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही मी कधी लिहिलं नव्हतं. तुम्हाला वाचता यायचं ते मैलाच्या दगडांवरचे आकडे आणि हजेरीच्या कागदावरचं स्वतःचं नाव, तेवढंच. पत्र आलंच असतं तर ते घेऊन तुम्ही वेशीजवळच्या टेलरचाचांच्या दुकानात गेला असता. कुणाचंही पत्र तेच वाचून दाखवायचे. आणि मला आज जे लिहायचं आहे ते त्यांच्याचबद्दल आहे.

ओढ्याच्या पुलापासून वेशीवरच्या मारुतीपर्यंतचा तुकडा तुमचा होता. कागदावर तो सरकारचा, पण तीस वर्षं तुम्ही तिथले मैलकुली होतात, म्हणजे तेवढ्या रस्त्याची निगा तुमच्या एकट्याच्या अंगावर. सकाळी सायकलला फावडं आणि घमेलं बांधून निघायचं, खड्ड्यात मुरूम भरायचा, साइडपट्टी सारखी करायची, रस्त्याकडेची चारी उकरायची, पावसाळा सरला की झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढायचे. तुमच्यानंतर त्या जागेवर कुणी आलंच नाही. डांबर आता बरं आहे, रुंदीही वाढली, पण साइडपट्टी वीतभर खाली गेली आहे आणि बुंधे उघडे आहेत. मी दर शनिवारी कुपवाडच्या कारखान्यातून गाडी घेऊन त्या रस्त्यानं येतो आणि पूल ओलांडला की माझा पाय आपोआप थोडा सैल होतो. आपल्या घरात शिरल्यासारखं वाटतं. तेच वाटणं मला त्या दिवशी भोवलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

तुम्हाला तो ट्रकवाला आठवत असेल. मी अकरावीत आहे, उन्हाळ्याची सुट्टी आहे, तुमची भाकरी घेऊन पुलापर्यंत आलोय. पुलाच्या उतारावर चार दगड ओळीनं मांडलेले आहेत, मध्ये तेलाचा डाग. कुणाची तरी गाडी बंद पडली होती, दुरुस्त करून तो निघून गेला आणि मागच्यांना कळावं म्हणून ठेवलेले दगड तसेच राहिले. हे रोजचंच. मी वाकून उचलायला लागतो तर तुम्ही म्हणता, हात लावू नको. मला तिथंच उभं करता, येईल त्या गाडीला हात करायला सांगता आणि सायकल मारत जाता. पुढच्या चहाच्या टपरीवर तो ट्रक उभा असतो. तिथं काय झालं ते मला नंतर चाचांच्या दुकानात शंभरदा ऐकायला मिळालं. तुम्ही त्या ड्रायव्हरसमोर उभे राहिलात आणि अगदी गरिबीनं म्हणालात, "पावनं, तुमचं सामान राहिलंय रस्त्यावर."

तो दचकला. कप खाली ठेवून मालावरच्या दोऱ्या चाचपायला लागला. काय राहिलं म्हणून विचारलं तर तुम्ही म्हणालात, या, दावतो. सायकल त्याच्याच ट्रकमध्ये टाकून तुम्ही त्याला घेऊन आलात, आणि खाली उतरून बोट केलं ते दगडांकडं.

"ह्ये व्हय सामान?" तो म्हणाला. "आरं म्हाताऱ्या, दोन मैलांचं डिझेल जाळलं की रं माझं."

"मग पुढच्या टायमाला ध्यानात ऱ्हाईल," तुम्ही म्हणालात.

शिव्या देत देत त्यानं चारही दगड उचलून चारीत टाकले. संध्याकाळी जेवताना मी आईला त्याची नक्कल करून दाखवत होतो आणि ती पदर तोंडाला लावून हसत होती. तुम्ही भाकरी ताटात ठेवलीत. माझ्यावर तुम्ही कधी हात उचलला नाहीत, त्या दिवशीही नाही, पण तुमचा आवाज मला अजून ऐकू येतो. "हसतुयास काय रं. दगड ठिवणाऱ्याला त्यो दिसत असतुया. ज्याला दिसत न्हाई त्यो मागनं येत असतुया." मी विचारलं, तुम्हीच उचलले असते तर काय बिघडलं असतं, मिनिटभराचं काम. तर म्हणालात, "म्या उचललं असतं तर त्येच्या हाताला काय कळलं असतं?"

पौषातला शनिवार होता. पहिली पाळी सुटल्यावर मी कारखान्यातून थेट निघालो. उसाचा हंगाम, रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, त्यामुळं विट्यापासून पुढं गाडी रांगतच होती. पूल ओलांडला आणि मागचं डावं चाक बसलं. साइडपट्टी खाली गेलेली, त्यामुळं गाडी पूर्ण खाली घेता येईना. अर्धी डांबरावरच राहिली. सूर्य नुकताच बुडाला होता, दिसत होतं, पण ती वेळ तुम्हाला माहीत आहे, दिसतं असं वाटतं आणि नीट दिसत नसतं. मी चारीतले दगड उचलले. एक पुढच्या चाकाला लावला, तीन दहा पावलं मागं ओळीनं मांडले, बाभळीची एक फांदी मोडून डिकीच्या झाकणात खोचली. गाडी घेतली तेव्हा तिच्याबरोबर एक लाल चकाकणारा त्रिकोण मिळाला होता, अशा वेळी मागं उभा करायला. स्टेपनी काढताना तो हाताला लागला, पिशवीतून एकदाही न काढलेला. मी तो बाजूला ठेवला. दगड मांडून झाले होते. या भागात सगळे तेच करतात. हात त्रिकोणाकडं वळत नाही, चारीकडं वळतो.

तुम्ही दिलेली लाल झेंडीही माझ्याकडं आहे. कुपवाडला नोकरी लागून मी मोटारसायकल घेतली तेव्हा तुम्ही ती घडी करून दिली होतीत. खात्याच्या झेंड्या विरल्या म्हणून चाचांकडून पदरच्या कापडाची शिवून घेतलेली, चारही कडांना दुहेरी शिलाई. गाडी बंद पडली तर काठीला बांध म्हणाला होतात. मी ती देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली. तुमची म्हणून जपली, दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहिलं, आणि गाडीत कधीच नेली नाही.

चाक बदलून झालं. मारुतीच्या आरतीला पोचायचं होतं. दर शनिवारी तेल आणि रुईची माळ माझ्याकडून असते, आणि मी जाईपर्यंत पुजारी थांबतो. चाकाचा दगड पायानं सरकवला, फांदी चारीत टाकली, हात पुसले आणि निघालो.

आरती झाली. गूळखोबरं हातावर घेतलं होतं तेवढ्यात वेशीत एक उसाचा ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हर खाली न उतरता, इंजिन चालू ठेवून ओरडला, पुलाच्या अलीकडं कुणीतरी म्हातारं पडलंय, गाडी हाय का कुणाकडं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण त्या वेळी देवळासमोर उभी असलेली चारचाकी फक्त माझी होती. मी प्रसाद तसाच मुठीत धरला. चुलतभाऊ माझ्या गाडीत शेजारच्या सीटवर जाऊन बसलासुद्धा आणि म्हणाला, काढ की, बघतुयास काय. त्या चार किलोमीटरमध्ये मी मारुतीला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही. एवढंच मागत होतो की तो पुलाच्या पलीकडं पडलेला असू दे.

अलीकडंच पडला होता. माझ्या दिव्यांच्या उजेडात मला आधी दगड दिसले, मग माणूस; भावाची नजर सरळ माणसावरच गेली. तीन दगडांतला मधला बाजूला फेकला गेला होता आणि त्याच्यावर लोखंडाचा पांढरा ओरखडा होता. मोपेड चारीच्या काठावर आडवी. दोन ऊसतोडणीच्या बायकांनी म्हाताऱ्याला पोत्यावर घेतलं होतं आणि पायाच्या दोन बाजूंना दोन ऊस लावून टॉवेलनं पाय बांधून ठेवला होता, इतका नीट की पुढं डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी बांधलं. ते टेलरचाचा होते. बाजारातून बटणं आणि अस्तर घेऊन येत होते. बटणांची पुडी फुटून डांबरावर सगळीकडं पांढरे ठिपके पसरले होते.

भाऊ धावत त्यांच्याकडं गेला. आणि मी काय केलं, अण्णा, तर गाडीचे दिवे बंद केले. अंधारात मी ते तीन दगड एकेक करून उचलले आणि चारीत सोडले, टाकल्याचा आवाज होऊ नये म्हणून वाकून. तुम्ही तीस वर्षं त्या रस्त्यावरून दगड उचललेत. मीही उचलले. भाऊ तिकडून म्हणत होता, आरं कुठं ऱ्हायलास, ह्येस्नी उचलू लाग. मग मी गेलो. त्या बायका मला म्हणाल्या, देवासारखा आलास बाबा.

सातारच्या दवाखान्यात जाईपर्यंत चाचा शुद्धीत होते. मागच्या सीटवर भावाच्या मांडीवर डोकं ठेवून ते पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, की समोरून ट्रॅक्टरचा उजेड आला आणि त्याच वेळी दगड दिसला, पण हँडल वळवायला जागा नव्हती. भाऊ त्यांना गप्प करत होता. मांडीचं हाड मोडलं होतं, उजव्या पायाचं, आत सळी घालावी लागली. त्यांचा मुलगा पोचला, त्याची कोरेगावात मोबाइलची टपरी आहे. त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. दवाखान्यात आलेला हवालदार चांगला माणूस होता. मला म्हणाला, घाबरू नका, जखमीला घेऊन येणाऱ्याला आम्ही त्रास देत नाही, तसा नियमच आहे. फक्त काय पाहिलं ते सांगा. चाचा खाटेवरून म्हणाले, दगड व्हता. हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. मी बोलायच्या आत भाऊ हसला आणि म्हणाला, "रस्त्यात दगड असता तर ह्याला पहिला दिसला असता, सायेब. मैलकुल्याचा पोरगा हाय ह्यो."

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार जागेवर जाऊन आला, चाचांचा मुलगाही बरोबर गेला. रस्ता स्वच्छ होता. कागदावर लिहिलं गेलं की मोपेडस्वार वयोवृद्ध असून कमी उजेडात स्वतःच्या हयगयीने तोल जाऊन पडला, घटनास्थळी कोणताही अडथळा आढळला नाही. खाली पंच म्हणून भावाची सही झाली आणि माझी. तुम्ही शिकायला लावलंत म्हणून मला सही येते.

इथून पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगतो. दर शनिवारी गावी आलो की आधी चाचांकडं डबा घेऊन जायचो. औषधं आणायची, पट्टी बदलायला न्यायचं, सगळं मी केलं. गावात माझं नाव निघायला लागलं. कीर्तनाला मला पुढं बसवलं. आणि चाचांच्या घरात मात्र दर आठवड्याला एकेक गोष्ट कमी होत होती. आधी मोपेड गेली, मुलानं ती विकून टाकली. मग दुकानातली मशीन घरात आणून तिच्यावर चादर घातली. शाळेच्या गणवेशांचं काम दुसऱ्या गावच्या टेलरकडं गेलं. मुलगा वाईट नाही. बापाच्या काळजीनंच करत होता. तो मला दाराबाहेर घेऊन हळू म्हणाला, अब्बांना नाही ते दिसायला लागलंय, त्यांच्या हातात कात्री देऊ नका असं मी घरात सांगून ठेवलंय. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसानं आपल्या सगळ्या गावाची मापं डोळ्यांनी घेतली आहेत. दहावीला पास झालो तेव्हा तुम्ही मला पहिली फुल पँट शिवून घेतलीत, तेव्हा त्यांनी टेप न लावता नुसतं माझ्याकडं बघून कापड कापलं होतं आणि पँट दोन वर्षं बसली होती. आता ते खाटेवर पडून हात डोळ्यांसमोर धरायचे, बोटं मोजायचे. सहाव्या आठवड्यात मला म्हणाले, पाय बरा झाला तरी काय उपेग, पायानं मशीन चालती, सुई तर डोळ्यानं लागती.

मी त्या दिवशी तसाच मारुतीला गेलो. अकरा शनिवार अनवाणी येण्याचं बोललो. बोलून झाल्यावर कळलं की हे मी चाचांसाठी बोलत नव्हतो, स्वतःला सांगावं लागू नये म्हणून बोलत होतो. शेंदराखालचा तो दगड माझ्याकडं बघत होता. ते अनवाणी शनिवार मी केले नाहीत.

सातव्या आठवड्यात, रविवारी सकाळी गेलो. मुलगा टपरीवर गेला होता, सून पाण्याला. चाचा खाटेवर बसले होते, पाय स्टुलावर. मी डबा खाली ठेवला आणि बसलो नाही, कारण बसलो असतो तर बोललो नसतो.

"चाचा, तवा रस्त्यात दगड व्हता," मी म्हणालो. "तीन व्हते. म्या ठिवल्याले."

त्यांनी स्टुलावरचा पाय दोन्ही हातांनी सावरला. मग म्हणाले, "पुलाच्या कुठल्या अंगाला?"

"अलीकडं. चाक बदलत हुतो, म्हणून ठिवलं. माघारी आलो तवा उचलून चारीत टाकलं. दिवं घालवून."

"म्हंजी व्हता."

"व्हता."

"मधला मोठा. जरा तांबूस."

"व्हय."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं रडतील. रडले नाहीत. डोळे मिटूनच म्हणाले, "म्हंजी तुझं सामान व्हतं त्ये."

ती गोष्ट त्यांनी माझ्यादेखत कितीदा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी दुकानातली माणसं हसली आहेत. त्या सकाळी कुणी हसलं नाही. मग ते हळूहळू बोलायला लागले, आवाज न चढवता, आणि ते मला फार जड गेलं. म्हणाले, "सात आठवडं मला आंधळा करून ठिवलास. पाय मोडला त्याचं न्हाई काय, पाय कुणाचाबी मोडतो. पोरगं म्हणायचं अब्बा, तितं दगड न्हवता. मी म्हणायचो, न्हवता तर न्हवता बाबा. डोळ्यानं बघितल्यालं मी खोटं म्हणलो. आन् तू हितं बसून त्ये ऐकत व्हतास की रं. भाजी कशी झालीया इच्यारत व्हतास."

मी काही म्हणायला गेलो. त्यांनी हात वर केला.

"ती चादर काढ मशीनवरची."

काढली. खणातून सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ मागितलं. चष्मा लावला, दोऱ्याचं टोक ओलं करून पिळलं, सुई खिडकीकडं धरली. पहिल्यांदा दोरा बाजूनं गेला. त्यांनी पुन्हा टोक पिळलं. दुसऱ्यांदा तो आरपार गेला. त्यांनी सुई बंडीच्या छातीवर खोचली, त्यांच्या कायमच्या जागेवर, आणि माझ्याकडं पाहिलं.

"आता चौकीवर जा," ते म्हणाले. "मला सांगून भागत न्हाई, कागदावर माझी हयगय लिवलीया. त्यो कागद फिरवून आण, मग चहाला ये. त्येच्याआदी न्हाई. तुझा बाप असता तर त्यानंच सायकलवर बसवून न्येलं असतं तुला."

डबा परत घेऊन जा असं त्यांनी सांगितलं नाही, पण जाताना मी तो उचललाच.

भावाला सांगितलं तेव्हा तो माझ्या अंगावर धावून आला. सही त्याचीही होती. गाव आता तोंडात शेण घालंल, म्हातारा चालायला लागलाय, मिटलंय, कशाला उकरतोस, असं बरंच बोलला आणि दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच फोन करून सांगितलं, मी अंधारात दगड बघितले नव्हते, खोटी सही केली नव्हती, एवढं माझ्या नावानं चौकीवर लिहून दे. ते खरंच होतं. हवालदाराचंही म्हणणं तेच पडलं, मिटलेलं कशाला उकरताय. मग त्यानं दार लोटून घेतलं आणि मला समजावून सांगितलं, की आधी एक सांगितलं आणि आता दुसरं, हे माझ्यावर येईल, रस्त्यात अडथळा करून जायबंदी केल्याचं कलम लागेल, वकील गाठा. मी म्हणालो, गाठतो, पण आधी लिहून घ्या. त्यानं लिहून घेतलं. टायर बदलण्याकरिता ठेवलेले तीन दगड अनवधानाने रस्त्यावर राहून गेले, त्यामुळे सदर अपघात घडला, व नंतर भीतीपोटी मी ते हलवले. पुढची तारीख अजून लागायची आहे. काय होईल ते वकिलालाही नक्की सांगता येत नाही. कारखान्यात मी अजून सांगितलेलं नाही, सांगावं लागेल.

त्या जबाबाची प्रत घेऊन मी परवा चाचांकडं गेलो. मुलगा दारातच होता. आत ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही, बाजूला झाला. चाचा मशीनसमोर बसले होते, मोडका पाय अजून पायटावर टेकत नाही, म्हणून डाव्या पायानं हळूहळू चालवून बघत होते, शिलाई वाकडी जात होती आणि ते तिला शिव्या देत होते. त्यांनी कागद स्वतः वाचला. मुलगा वाचून दाखवायला पुढं झाला तर त्याला हातानं मागं सारलं. एकेक अक्षर बोटाखाली घेऊन मोठ्यानं वाचलं, पूर्वी गावाला पत्रं वाचून दाखवायचे तसंच, आणि अनवधानाने या शब्दाशी थांबले. मला विचारलं, "ह्येचा अर्थ इसरून, न्हवं?"

मी म्हणालो, व्हय.

ते माझ्याकडं बघत राहिले, चष्म्यावरून. मग कागदाची घडी केली, मुलाकडं दिली आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी तो चहा प्यायलो. निघताना ते म्हणाले, गाडीत कायतरी ठिवत जा. मी सांगितलं, त्रिकोण पिशवीतून काढून वर ठेवलाय, आणि अण्णांची झेंडीपण आणलीया. त्यावर ते म्हणाले, तिची एक कड उसवली असंल, बघून देतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही हे मला ठाऊक आहे. तुम्हाला पत्र वाचून दाखवणारा माणूस अजून आहे, आणि म्हणूनच हे कुणाच्या हातात देता येणार नाही.

अण्णा, मी विसरलो नव्हतो. आरतीला अर्धा तास होता. गाडी सुरू करून डांबरावर घेतली तेव्हा मी आरशात पाहिलं होतं, आणि मागं ते तिन्ही दगड ओळीनं नीट दिसत होते.